कच्चा आकडा दाखवा, मगच माझ्या बागेचा व्हॉल्व्ह उघडा



आजची पोस्ट लांब आहे आणि थोडी तिखट आहे. ऑटोमेशनचे डबे विकणारे, त्यांची शिफारस करणारे सल्लागार आणि ते विकत घेणारे आपण, अशा तिघांसाठी लिहिलीय. झोंबली तर खाली लिहा, मी उत्तर देईन.

"शेतकऱ्यानं ॲप बघावं, बोर्डात हात घालू नये." हे वाक्य आता सगळीकडं ऐकू येतं. डबा विकणारा म्हणतो, मेळाव्यात माईकवर बोलणारा म्हणतो आणि आता तर आपलीच पोरंसुद्धा म्हणायला लागली.

माझं म्हणणं उलटं आहे. ज्या डब्याला मला प्रश्न विचारता येत नाही, त्याच्या हातात मी माझ्या बागेचं पाणी देणार नाही. प्रश्न विचारायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. चार-पाचशे रुपयांचा एक बोर्ड, एक केबल आणि दहा-पंधरा इंग्रजी शब्द पुरतात. माझं शिक्षण दहावी पास, वय पन्नाशीच्या पुढं. मला जमतं, म्हणजे तुम्हालाही जमेल.

काटा तपासायची आपली जुनी सवय

ऊस कारखान्याला घालवायच्या आधी आपण बाहेरच्या काट्यावर वजन का करतो? काटामारीचा अनुभव गाठीला आहे म्हणून. दूध घातल्यावर फॅटच्या मशीनकडं मान वाकडी करून का बघतो? आकडा दुसऱ्याचा आणि पैसा आपला असतो म्हणून. बैलबाजारात दात बघितल्याशिवाय कुणी इसार देतो का? व्यापारी "चौसा आहे" म्हणाला तरी आपण तोंड उघडून बघतोच.

वजनाच्या काट्यावर निदान वैधमापन खात्याचा शिक्का असतो, मुदत संपली की परत तपासणी असते. मातीत पुरलेल्या ओलाव्याच्या सेन्सरवर असला शिक्का मी तरी अजून पाहिलेला नाही. म्हणजे ज्याच्यावर शिक्का आहे तो काटा आपण तपासतो, आणि ज्याच्यावर कुणाचाच शिक्का नाही त्याच्या भरवशावर पाण्याची पाळी ठरवायची? हा कुठला न्याय?

३१ टक्क्यांची गोष्ट

माझी डाळिंबाची बाग आहे, जमीन मुरमाड. एका कंपनीचा डबा बसवलेला आहे, कंपनीचं नाव इथं घेत नाही. सेन्सर मातीत, डबा शेडमध्ये, ॲप मोबाईलवर. ओलावा ठरलेल्या आकड्याखाली गेला की व्हॉल्व्ह आपोआप उघडायचा, असा करार.

फळं लिंबाएवढी असताना ॲपवर चार दिवस सलग ३१ टक्के. शेजारी हिरवी खूण, म्हणजे सगळं ठीक. झाडाखाली खुरप्यानं माती उकरली तर भुगा. मूठ वळली तर मुठीत काही राहीना. मी त्याच वेळी व्हॉल्व्ह हातानं उघडला आणि बागेला पाणी दिलं.

मग सेन्सरची पिन डब्यातून काढली आणि वायर गुंडाळून खुंटीला अडकवली. दुसऱ्या दिवशी ॲप उघडलं. ओलावा ३१ टक्के, हिरवी खूण तशीच. सेन्सर डब्याला जोडलेलाच नाही आणि ॲप म्हणतंय माती ओली आहे!

फोन केल्यावर उत्तर मिळालं, "नवीन रीडिंग आलं नाही की सिस्टिम शेवटचं रीडिंग दाखवते. ग्राहक घाबरू नये म्हणून." माणूस पाठवतो म्हणाले, आठ दिवसांनी.

ग्राहकानं घाबरू नये? डाळिंबाला पाण्याचा ताण पडला आणि मग एकदम पाणी मिळालं की फळ तडकतं, हे बाग लावणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. तडकलेलं फळ बाजारात कुणी घेत नाही. अशा वेळी मला घाबरवणारा डबा पाहिजे, गप्प बसवणारा नको. माझी बाग माझ्या हातातल्या मातीनं वाचली. ज्यानं विश्वासानं ॲपच बघितलं असेल, त्याच्या नुकसानीची भरपाई कोण देणार?

शेल म्हणजे काय

कंपनीचा डबा आपल्याला बोलू देत नाही. म्हणून मी बोलणारा बोर्ड घेतला.

ईएसपी-३२ नावाची चिप असलेला छोटा बोर्ड येतो, काडेपेटीपेक्षा थोडा लांब. बाजारातल्या कितीतरी ऑटोमेशनच्या डब्यांत हीच किंवा हिच्यासारखी चिप असते. या बोर्डात मायक्रोपायथन नावाची प्रणाली फुकट भरता येते. डेमियन जॉर्ज नावाच्या माणसानं २०१३ साली लोकवर्गणी गोळा करून तिची सुरुवात केली. ती खुली आहे, कुणीही वापरावी, कुणीही आत डोकावावं.

तिची खरी गंमत म्हणजे तिचा शेल. एरवी बोर्डाकडून काम करून घ्यायचं तर पूर्ण प्रोग्रॅम लिहायचा, तो बोर्डात भरायचा आणि मग काय होतंय ते बघत बसायचं. शेलमध्ये तसं नाही. बोर्ड केबलनं जोडला की स्क्रीनवर तीन बाण येतात:

>>>

म्हणजे बोर्ड म्हणतोय, "बोला." तुम्ही एक ओळ लिहायची, बोर्ड तेवढंच काम करून लगेच उत्तर देतो आणि परत तीन बाण दाखवतो. पारावर बसून बोलल्यासारखं, एक प्रश्न आणि एक उत्तर. चुकीचं लिहिलं तर कुठं चुकलं ते सांगतो, रागावत नाही.

लॅपटॉप असेल तर थॉनी नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या. नसेल तर अँड्रॉइड मोबाईल, ओटीजी केबल आणि सिरियल टर्मिनलचं ॲप, तेवढ्यावर भागतं. वेग ११५२०० ठेवायचा. केबल मात्र डेटावाली पाहिजे. नुसत्या चार्जिंगच्या केबलवर बोर्डाचा दिवा लागतो, पण बोलणं होत नाही. पहिल्या दिवशी निम्मे लोक इथंच अडकतात आणि बोर्ड खराब म्हणून परत करतात.

खालच्या कमांड इंग्रजी अक्षरांत टाईप करायच्या असतात. मी इथं उच्चाराप्रमाणं लिहितोय, म्हणजे वाचताना सगळ्यांना समजेल.

पहिला प्रश्न: ऐकतोस का?

>>> फ्रॉम मशीन इम्पोर्ट पिन
>>> दिवा = पिन(२, पिन.आउट)
>>> दिवा.व्हॅल्यू(१)

बऱ्याच बोर्डांवर २ नंबरच्या पिनला छोटा दिवा असतो, तो लागतो. १ च्या जागी ० लिहिलं की विझतो. पोरखेळ वाटेल, पण दिव्याच्या जागी रिले आला की तोच व्हॉल्व्ह उघडतो. सगळ्या ऑटोमेशनचा पाया या तीन ओळींत आहे.

इथंच एक धोका समजतो. बाजारातले बरेच रिले उलटे चालतात, ० दिला की चालू आणि १ दिला की बंद. बोर्ड सुरू होताना पिनची अवस्था काय असते, त्यावर रिले एखादा क्षण ओढला जाऊ शकतो. लाईट गेली-आली की मोटार उगाच ठसका देते त्याचं एक कारण हे असू शकतं. शेलमध्ये बसून हातानं ० आणि १ देऊन रिलेची टिक ऐकली की तो सुलटा की उलटा हे मिनिटात कळतं. हा प्रयोग स्टार्टरची वायर काढूनच करायचा, त्याबद्दल पुढं लिहितो.

दुसरा प्रश्न: सेन्सरचा कच्चा आकडा किती?

>>> फ्रॉम मशीन इम्पोर्ट एडीसी
>>> माती = एडीसी(पिन(३४), अटेन=एडीसी.अटेन_११डीबी)
>>> माती.रीड()

उत्तर ० ते ४०९५ मधला एक आकडा. हाच कच्चा आकडा. याच्यावर अजून कुणी टक्क्याचा मुलामा दिलेला नाही.

ओलाव्याचे जे कपॅसिटिव्ह सेन्सर स्वस्तात मिळतात, त्यांचा आकडा कोरड्यात मोठा आणि ओल्यात लहान येतो. माझा सेन्सर हवेत धरला की तीन हजाराच्या आसपास, पाण्यात बुडवला की तेराशेच्या आसपास. त्याच पाकिटातला दुसरा सेन्सर त्याच पाण्यात दोनशेनं वेगळा. आता सांगा, कंपनी सगळ्या सेन्सरना एकच सूत्र लावून टक्के काढत असेल तर ते टक्के कुणाचे?

वरच्या ओळीतलं "११ डीबी" हे शेपूट विसरू नका. ते नसलं तर बोर्ड साधारण एका व्होल्टपर्यंतच मोजतो आणि त्याच्या वरचं सगळं ४०९५ दाखवतो. आकडा ४०९५ वर चिकटून बसला तर सेन्सरला शिव्या द्यायच्या आधी ही ओळ बघा.

आणखी एक. या चिपमध्ये मोजणारे दोन भाग आहेत. त्यातला दुसरा भाग वायफाय चालू असताना भरवशाचा राहत नाही, हे चिप बनवणाऱ्यांच्याच कागदपत्रात लिहिलेलं आहे. म्हणून सेन्सर ३२ ते ३९ मधल्या पिनवर लावायचा. तुमच्या डब्यातला सेन्सर कुठल्या पिनवर आहे, हे विक्रेत्याला एकदा विचारून बघा. चेहरा बघण्यासारखा होतो.

आता माझ्या ३१ टक्क्यांचा उलगडा. बोर्ड घेऊन बागेत गेलो आणि सेन्सर त्याच्या जागीच बोर्डाला जोडला. हवेत मोठा आकडा, पाण्यात लहान. म्हणजे सेन्सर ठणठणीत. मग वायरचं शेडकडचं टोक बोर्डाला जोडून दहा वेळा वाचलं. दहा वेळा दहा तऱ्हेचे आकडे, कशाला काही मेळ नाही. तुटकी वायर शून्य दाखवते असं नसतं, ती मनाला येईल ते दाखवते. वायर चाचपत गेलो तर पाईपच्या कोपऱ्यात उंदरानं कुरतडलेली. जोड दिला, वर टेप आणि स्लीव्ह चढवली, काम संपलं. कंपनीचा माणूस आठ दिवसांनी येणार होता. मला अर्धा तास लागला.

तिसरा प्रश्न: तुझं नाव काय?

हा प्रश्न माझा सगळ्यात आवडता.

हवेचं तापमान, आर्द्रता, दाब मोजणाऱ्या बऱ्याच चिपा दोन वायरींच्या एका पद्धतीनं बोर्डाशी बोलतात. तिला आय-टू-सी म्हणतात. त्या वायरींवर कोण कोण बसलंय हे बोर्डाला विचारता येतं:

>>> फ्रॉम मशीन इम्पोर्ट आयटूसी
>>> तार = आयटूसी(०, एससीएल=पिन(२२), एसडीए=पिन(२१))
>>> तार.स्कॅन()
[११८]

म्हणजे ११८ नंबरच्या घरात कुणीतरी आहे. रिकामा कंस आला तर वायर चुकली किंवा चिप मेली.

बॉश कंपनीच्या दोन चिपा आहेत, बीएमई-२८० आणि बीएमपी-२८०. दिसायला जवळजवळ सारख्या, घर नंबरही सारखा. पण पहिली तापमान, दाब आणि आर्द्रता मोजते. दुसरीत आर्द्रता मोजायचा भागच नाही, आणि ती स्वस्त आहे. बाजारात पहिलीच्या नावाखाली दुसरी गळ्यात मारली जाते. पण चिप स्वतः खोटं बोलत नाही, तिच्या २०८ नंबरच्या खान्यात तिची ओळख कोरलेली असते:

>>> तार.रीडफ्रॉम_मेम(११८, २०८, १)[०]

उत्तर ९६ आलं तर बीएमई, ८८ आलं तर बीएमपी. झालं. बिलावर काहीही लिहिलेलं असू दे.

हे का सांगतोय? दमट हवेत डाळिंबावर तेल्या पसरतो, द्राक्षावर डाऊनी येतो. आपले फवारणीचे निर्णय आर्द्रतेच्या आकड्यावर चाललेत. ज्या चिपला आर्द्रता कळतच नाही तिच्या भरवशावर "आज फवारणीची गरज नाही" असा मेसेज आला तर? सल्लागार साहेब, तुमच्या ॲपला आकडे देणाऱ्या चिपचं नाव तुम्ही कधी विचारलंय का?

चौथा प्रश्न: हा ८५ कुठून आला?

जमिनीचं किंवा कंपोस्टच्या ढिगाचं तापमान घ्यायला स्टीलच्या नळीतला डीएस-१८-बी-२० सेन्सर वापरतात. चांगला आहे, स्वस्त आहे. पण कधी कधी आलेखात मधेच ८५ अंश दिसतात. जमीन ८५ अंशाला पोचली तर पीक सोडा, गांडूळसुद्धा उकडून निघेल. वीज मिळाल्यावर पहिलं मोजमाप पूर्ण होण्याआधी या सेन्सरच्या आत ८५ हाच आकडा असतो. घाईनं वाचलं किंवा वायर ढिली होऊन वीज तुटली-जुळली की तोच बाहेर येतो. शेलमध्ये "मोज" म्हणायचं, पाऊण सेकंद थांबायचं, मग वाचायचं. ८५ गायब. ज्या कंपनीच्या आलेखात दर आठवड्याला ८५ चा सुळका दिसतो, तिच्या माणसानं हे वाचलेलं नाही असं समजा.

पाचवा प्रश्न: तू परत परत का उठतोस?

>>> इम्पोर्ट मशीन
>>> मशीन.रीसेट_कॉज()

बोर्ड शेवटचा का बंद-चालू झाला याचं उत्तर आकड्यात मिळतं. वीज नव्यानं आली म्हणून, आत अडकला आणि राखणदारानं झटका देऊन उठवला म्हणून, की झोपेतून जागा झाला म्हणून. शिवाय वीज कमी पडून बोर्ड कोलमडला तर उठताना "ब्राउनआउट" अशी ओळ तोच छापतो. मोबाईलचं सिम घातलेले डबे मेसेज पाठवताना क्षणभर जोरात करंट ओढतात. ॲडाप्टर हलका असेल तर बोर्ड तिथंच कोसळतो. बाहेरून आपल्याला सांगतात "नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे". बोर्डाला विचारलं तर तो सांगतो, "मला जेवायला कमी पडतंय."

आता आक्षेपांना उत्तरं

"शेतकऱ्याला हे जमणार नाही." ड्रिपमधून कुठलं खत कुठल्या खतात मिसळलं की साका धरतो हे ज्याच्या तोंडपाठ आहे, फेज गेला की मोटारीच्या आवाजावरून जो ओळखतो, ईसी-पीएच बघून टाकी बनवतो, औषधाच्या डब्यावरची बारीक अक्षरं वाचून काढणीपूर्व दिवस मोजतो, त्याला दहा-पंधरा शब्द जमणार नाहीत? जमणार नाही असं म्हणणाऱ्याला आपण न जमण्यातच फायदा दिसतो.

"वॉरंटी जाईल." बरोबर, म्हणून मी कंपनीचा डबा फोडा असं सांगत नाही. सेन्सर बाहेर काढून आपल्या बोर्डावर तपासा. पण कंपनीला माझा प्रश्न आहे: ट्रॅक्टरला ऑईल बघायची पट्टी असते ना? ती ओढून बघितली म्हणून वॉरंटी जाते का? तुमच्या डब्याला तशी पट्टी का नाही?

"बाहेरचा कुणी हॅक करेल." ही काळजी खरी आहे. वायफायवरून चालणारा उघडा शेल शेतात ठेवू नये, असं मीसुद्धा सांगतो. पण मी मागतोय तो शेल केबलवरचा. माझ्या शेडमध्ये, माझ्या कुलपाच्या आत. बाहेरच्याला दार बंद ठेवा, मालकाला किल्ली द्या. तुम्ही उलटं केलंय: मालक बाहेर आणि किल्ली तुमच्याकडं.

"कच्चा आकडा शेतकऱ्याला काय कळणार, म्हणून टक्के देतो." हा आक्षेप मला सगळ्यात जास्त लागतो. टक्के कुणाच्या मातीचे? भारी काळी जमीन वाळली की भेगाळते आणि सेन्सरच्या अंगापासून सुटते. मुरमात खड्यांच्या मधे हवा राहते. दोन्हीकडं सेन्सर हवा मोजतो आणि माती कोरडी सांगतो. प्रयोगशाळेतल्या एका मातीवर काढलेलं सूत्र आमच्या शेतात आणून तुम्ही त्याला टक्के म्हणता.

आमच्याकडं त्यापेक्षा जुनं माप आहे, वाफसा. माती मुठीत वळते, सोडली की फुटते, हाताला चिकटत नाही. त्या दिवशी शेलवर दहा वेळा वाचा आणि सरासरी वहीत लिहा. पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी लिहा. झाड पहिल्यांदा दुपारी मलूल दिसेल त्या दिवशी लिहा. तीन आकडे मिळाले की तो सेन्सर तुमच्या शेताचा झाला. माझ्या मुरमात वाफशाचा आकडा एकोणीसशेच्या आसपास येतो. तुमचा वेगळा येणार, यायलाच पाहिजे.

आणि कृषी विज्ञान केंद्रातल्या, महाविद्यालयांतल्या सरांना हात जोडून विनंती. इथं तुमची खरी गरज आहे. मातीचा नमुना तोलायचा, १०५ अंशाच्या भट्टीत २४ तास वाळवायचा, परत तोलायचा, आणि त्या वजनाला आमचा कच्चा आकडा जोडायचा, हे काम आमच्या घरी होत नाही, तुमच्याकडं होतं. गावातल्या चार प्रकारच्या मातीचा असा तक्ता करून दिलात तर कुठल्याही ॲपपेक्षा मोठं काम होईल. त्याऐवजी तुम्ही कंपनीच्या बॅनरखाली उभे राहून "ॲप बघा" म्हणता तेव्हा वाईट वाटतं.

हे आपलंच भांडण नाही

अमेरिकेतले शेतकरी ट्रॅक्टरच्या सॉफ्टवेअरवरून हेच भांडतायत. स्वतःचा ट्रॅक्टर स्वतः दुरुस्त करायचा हक्क मागतायत. कोलोराडो राज्यानं २०२३ मध्ये शेतीयंत्रांसाठी तसा कायदा केला, तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. आपल्याकडं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात शेतीची अवजारंसुद्धा धरली आहेत. म्हणजे मी काही जगावेगळं मागत नाही.

हात घालायचा कुठं, नाही घालायचा कुठं

हे नीट वाचा. बोर्ड ३.३ व्होल्टचा आहे, तिथं खेळा. स्टार्टर, कॉन्टॅक्टर, थ्री फेज ही जीव घेणारी बाजू आहे, तिथं खेळ नाही. रिले तपासताना मेन स्विच खाली आणि स्टार्टरची वायर काढलेली पाहिजे. ओल्या चपलेनं, रात्रीच्या लाईटला, एकट्यानं हे करू नका. आणि ५ व्होल्टची सेन्सरची वायर सरळ या बोर्डाच्या पिनला लावू नका, पिन जळते.

माझ्या मागण्या

डबा विकणाऱ्यांनो, चार गोष्टी द्या.

१. प्रत्येक टक्क्याशेजारी कच्चा आकडा दाखवा.

२. प्रत्येक आकड्याशेजारी तो वाचल्याची तारीख आणि वेळ दाखवा. नवीन आकडा आला नाही तर जुना हिरव्या रंगात दाखवू नका, लाल रंगात "वायर बघा" म्हणा.

३. डब्याला एक केबलचं तोंड द्या, जिथं मालकाला प्रश्न विचारता येतील. बदल नका करू देऊ हवं तर, पण वाचू द्या.

४. आत कुठली चिप आहे आणि सेन्सर कुठल्या पिनवर आहे, हे एका कागदावर छापून द्या.

यातल्या पहिल्या दोन गोष्टींना एक रुपयाचा जादा सुटा भाग लागत नाही, नुसती नियत लागते. उद्या अनुदानाच्या यादीत असले डबे घालताना अधिकाऱ्यांनी याच चार अटी लिहाव्यात.

आणि आपल्या लोकांना एवढंच. प्रत्येकानं हे शिकायलाच पाहिजे असं नाही. गावात मोटार बांधणारा एक असतो आणि सगळ्या गावाचं भागतं. तसा गटात, शेतकरी कंपनीत एकजण बोर्ड आणि केबल पिशवीत टाकून फिरणारा तयार करा. मुलगा असो, मुलगी असो, साठीचा आजोबा असो. पुढच्या वेळी डबा विकायला कुणी आलं की त्याच्यासमोर चहा ठेवा आणि सरळ विचारा: "साहेब, कच्चा आकडा कुठं दिसतो?" दाखवला तर पुढं बोला. "ते तुम्हाला कळणार नाही" म्हणाला तर चहा पाजून वाटेला लावा.

तुमच्या सेन्सरचे वाफशाचे आकडे आणि जमिनीचा प्रकार खाली लिहा. मी वहीत उतरवून घेतोय, पन्नास झाले की तक्ता करून इथंच टाकतो.